पोळ्याच्या दिवशी बसवलेला सायलेन्सर

माझ्या लहानपणाची प्रकरणं तुम्हा दोघांना याआधीच पाठवली आहेत, आणि ती ऐकताना रेवाला झोप लागली हेही मला कळलं आहे. तिचा दोष नाही. नागपूरच्या मिशनच्या शाळेत वेळेवर उठून वेळेवर झोपलेल्या मुलीच्या बालपणात सांगण्यासारखं फारसं घडत नाही. म्हणून हे प्रकरण तुमच्या बाबांच्या तरुणपणाचं. आज ते जेवताना काट्याचा बशीवर आवाज झाला तरी भुवया उंचावतात, शेजाऱ्याच्या पानं उडवायच्या यंत्राविरुद्ध तक्रारी करतात, आणि त्यांची विजेवरची गाडी मागे येऊन उभी राहिली तरी माणसाला पत्ता लागत नाही. अशा माणसाच्या मुलांजवळ काही गोष्टी लेखी असलेल्या बऱ्या.

आपलं गाव आसेगावच्या पुढे, डांबर संपतं तिथून सुरू होणारं. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत असे आणि तुमचे आबा शेती करत. घरापुढे मोठं अंगण, डाव्या हाताला गोठा, उजव्या हाताला न्हाणी, आणि मध्ये कडुनिंबाखाली आत्याबाईंची बाज. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. पहाटेचा पहिला आवाज त्यांच्या खोकल्याचा, मग गोठ्यातल्या घुंगरांचा, मग परातीत भाकरी थापल्याचा. भाकरीबरोबर आंबाडीची भाजी, तिच्यावर कच्च्या तेलाची धार आणि लसणाचा ठेचा, हे मला लग्नानंतर वर्षभर औषधासारखं लागलं आणि नंतर कुठेही गेले तरी त्याचीच आठवण यायला लागली. आबांचा आवाज घरात सगळ्यात कमी. माणसांशी ते कामापुरतं बोलत. बोलायचं ते सगळं कोसा आणि लाखा या आपल्या दोन बैलांशी. कोसा पिंगट, लाखा तांबडा, आणि दोघांचाही स्वभाव घरजावयासारखा. काम करत, पण मानपान सांभाळून.

मानाचंच सांगायचं आहे. पोळ्याच्या दिवशी गावातल्या सगळ्या बैलजोड्या सजून तोरणाशी जमतात, आणि पूजा झाली की तोरणाखालून पहिली जोडी जाते ती मानाची. हा मान आबांच्या खापरपणजोबांपासून आपल्या घराकडे होता. अट एकच. जोडी सूर्य मावळायच्या आत, आपल्या पायांनी, तोरणाशी हजर पाहिजे. एक वर्ष जरी चुकलं तरी मान भावकीतल्या दुसऱ्या घराकडे, म्हणजे आबांचे चुलतभाऊ दिनकरभाऊ यांच्याकडे जाणार. दिनकरभाऊ त्या एका वर्षाची वाट पाहता पाहता म्हातारे झाले होते. या मानात मिळत काय होतं, असं तुम्ही विचाराल. एक नारळ. पण त्या नारळासाठी आबांनी कधी पोळ्याला तापही येऊ दिला नाही.

तुमचे बाबा, आमचा मंगेश, इंजिनिअर होऊन घरी आले आणि नोकरी लागेपर्यंत शेती पाहतो म्हणाले. पाहण्यासाठी मोटारसायकल हवी झाली. तीही साधी नाही, रस्त्यावर चालणारी आणि रस्ता नसेल तिथेही चालणारी. जाहिरातीत एक दाढीवाला तरुण ती घेऊन बर्फाचा डोंगर चढत होता आणि नदीतून पाणी उडवत जात होता. आमच्याकडे ती आली आणि तिच्यावर सरकीच्या ढेपीचं पोतं चढलं. चाकं उंच, पुढचं मडगार्ड चोचीसारखं वर आलेलं, आणि सीट इतकी वर की मंगेशला थांबायचं झालं तर एखादा दगड शोधावा लागे. आत्याबाईंना दवाखान्यात न्यायचं तर त्यांना ओट्यावरून चढवत. "उंट घेतला असता तं खाली तरी बसला असता," त्या म्हणत.

पण मंगेशला खटकत होता तो गाडीचा आवाज. शिवणयंत्रासारखा येतो म्हणे. आषाढात एके दिवशी पुण्याहून एक लांबोळकं पार्सल आलं. मी विचारलं, "काय आहे?"

"सायलेन्सर."

"गाडीला आहे की एक."

"त्याचा आवाज येत नाही ना, आई."

ज्या वस्तूचं नावच आवाज बंद करणारी असं आहे, ती लोक आवाज यावा म्हणून विकत घेतात, हे मला इंग्रजी साहित्यात एम. ए. करूनही माहीत नव्हतं. पार्सलात कसा बसवायचा याचं एक इंग्रजी पत्रक होतं. मंगेशला ते वाचता येत होतं, पण इंजिनिअर लोक पत्रक वाचत नाहीत. त्यांचा तो अपमान असतो. मला मात्र छापील सूचना दिसली की ती क्रमाने पाळल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून मी चष्मा लावून ओट्यावर बसले, आणि मदतीला गजानन आला. गजानन गावातले विहिरींवरचे पंप दुरुस्त करी, आणि त्याने दुरुस्त केलेला पंप आठवड्याभरात त्याला पुन्हा भेटायला येई.

"पाइपच हाय ना, वैनी," तो म्हणाला. "इकून धूर शिरते, तिकून निंघते. त्यात वाचाचं काय हाय?"

मी वाचलं, "पहिली सूचना. इंजिन पूर्ण थंड असल्याची खात्री करावी."

"थंडच हाय," असं म्हणून गजाननने पाइपावर तळहात ठेवला, आणि कडुनिंबावरचे सगळे कावळे उडाले. मंगेश नुकताच शेतातून आला होता. त्यानंतर अर्धी सकाळ गजाननचा हात ताकात आणि गाडी सावलीत ठेवण्यात गेली. इंजिनच्या तोंडाशी असलेले दोन नट जुन्या सोयरिकीसारखे घट्ट बसलेले. त्यांना डिझेल पाजलं, ठोकलं, शेवटी गजाननने त्यांच्या मातोश्रींचा उल्लेख केला तेव्हा सुटले. नवा पाइप बसल्यावर दोन स्प्रिंगा ओढून अडकवायच्या होत्या. त्या कशानेच ओढल्या जाईनात, तेव्हा विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ आणला. सगळं जुळलं आणि लक्षात आलं की मागच्या बाजूला गाडीच्या भोकापासून सायलेन्सरचा कान दोन बोटं दूर राहतो. गजाननने गोठ्यात जाऊन वखराची जुनी पास, म्हणजे खालची लोखंडी पट्टी, आणली, कापली, वाकवली, आणि मधे बोल्ट मारून जोड दिला. ती पास जुनी नव्हती, हे संध्याकाळी आबांकडून कळलं.

पत्रकात एक शेवटची सूचना होती. सायलेन्सरच्या तोंडात आवाज कमी करणारी एक भोकाभोकांची नळी असते. सार्वजनिक रस्त्यावर ती काढू नये. मी हे दोनदा वाचून दाखवलं. मंगेशने दारातून बाहेर बोट केलं. "आई, हा सार्वजनिक रस्ता आहे का?" आम्ही तिघांनी त्या चिखलाकडे, त्यात उमटलेल्या आमच्याच बैलगाडीच्या चाकोरीकडे पाहिलं. कायद्याने मला तिथे काही साथ दिली नाही. नळी निघाली आणि आत्याबाईंनी ती चुलीपाशी नेली. थोड्या वेळाने आतून ओरडल्या, "ह्या फुकनीले बाजूनं भोकं काहून पाडले रे? फुकतो म्हटलं तं राख माह्याच तोंडावर!"

मग मंगेशने किक मारली. तो आवाज मी शब्दांत सांगू शकत नाही. थ्रेशरमध्ये दगड गेला तर जवळपास तसा होतो. हँडलची मूठ सोडली की मागून फटाक्यासारखे बार. कोंबड्या न्हाणीत शिरल्या. आत्याबाई राखेच्या तोंडाने बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "फुटली का?" मंगेशच्या चेहऱ्यावर मात्र जो आनंद होता तो मी त्याच्या पदवीदान समारंभातही पाहिला नव्हता.

आबा शेतातून आले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, पासेच्या तुकड्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "त्याले सांग, ह्या घरात एक तं हे राहीन, नाई तं मी."

मंगेश दोन हातांच्या अंतरावर उभा होता. तो म्हणाला, "आई, त्याईले सांग, आवाज असला तं समोरचा बाजूले होते. सेफ्टी हाय."

"त्याले सांग, समोरचा बाजूले नाई होत, गाव सोडून जाते."

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं माझ्यामार्फत सुरू झालं. मी आयुष्यभर इंग्रजीचं मराठी करत आले, पण वऱ्हाडीचं वऱ्हाडी करायचं काम मला पहिल्यांदाच मिळालं. तक्रारीही माझ्याकडेच येत. दिनकरभाऊ आले, तेही गल्लीच्या टोकापासून बोलत. "वसंता! माही म्हैस पान्हा चोरून राह्यली ना बावा तुह्या पोराच्या फटफटीपायी!" ते इतक्या मोठ्याने म्हणाले की म्हशीने उरलासुरलाही चोरला असेल. त्यांच्या मुलाचा लग्नाच्या वरातीत वाजवायचा डीजे होता; तो वाजला की आमच्या फळीवरचे डबे पुढे सरकत. पण तो आनंदाचा आवाज होता आणि आमचा त्रासाचा. गावात कुठला आवाज कुठल्या जातीचा, हे तो कोणाच्या अंगणातून येतो यावर ठरतं. तुमच्या तिकडेही तसंच असावं. पानं उडवायच्या यंत्राबद्दल मला अजून दुसरी बाजू ऐकायला मिळालेली नाही.

याच काळात एक गोष्ट घडत होती, ती आबांना माहीत नव्हती. मंगेश रोज शेतातल्या गोठ्यावर ढेप घेऊन जाई. नाल्यापलीकडे गाडीचा आवाज आला की कोसा आणि लाखा कान टवकारत, हंबरत, कारण आवाजामागून ढेप येते हा त्यांचा अनुभव होता. पुढे पुढे संध्याकाळी मंगेश गाडी हळू चालवत पुढे निघे आणि दोघं मोकळे, कासरा न लावता, त्याच्यामागे डुलत घरापर्यंत येत. आबा तोवर देवळाच्या पारावर पोचलेले असत. लोक म्हणत, "वसंतराव, तुमची जोडी मोकळी घरी येते बावा." आबा मिशीवरून हात फिरवत. "जनावराले माया समजते," ते म्हणत. नवऱ्याचं एखादं मत इतकं सुखाचं असतं की ते दुरुस्त करावंसं वाटत नाही.

पोळा जवळ आला. दिनकरभाऊंनी पोलिस पाटलांच्या कानावर घातलं की त्या फटफटीने पोळा उधळला तर जबाबदारी वसंतावर, आणि मग मानाचं पाहावं लागेल. आबा घरी आले ते सरळ माझ्याकडे. "त्याले सांग, पोळ्याच्या आंधी ते नळकांडं काढ." या वेळी त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. मंगेशनेही ती ऐकली असावी. त्याने सायलेन्सर काढून पोत्यात गुंडाळला आणि जुना चढवला. संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावून शेकलं, आणि आबांनी दोघांच्या कानात आवतण दिलं. आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.

दुसऱ्या दिवशी घरात पुरणाचा वास आणि अंगणात गेरूचा. कोसा-लाखा नाल्यावरून न्हाऊन आले. शिंगांना हिंगूळ, त्यावर बेगड, कपाळाला गोंड्यांची मठाटी, पाठीवर आरशांची झूल. आबांनी कोरं धोतर नेसलं, फेटा बांधला, आणि उन्हं कलल्यावर कासरे हातात घेऊन म्हणाले, "चाल रे बाप्पा."

कोसा अंगणाच्या दारापर्यंत गेला आणि बसला. लाखाने त्याच्याकडे पाहिलं आणि तोही बसला.

आबांनी समजावलं, पाठ थोपटली, पुरणपोळी दाखवली. ती खाल्ली आणि पुन्हा बसले. एरवी शेपटी पिळली असती, दोन शिव्या दिल्या असत्या. पण पोळ्याच्या दिवशी बैलाला काठी, हात, वाकडा शब्द, काहीही लावायचा नाही. तो दिवस त्यांचा. आणि दोन्ही बैलांना ही चाल नीट ठाऊक असावी असं त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं. तोरणाकडून वाजंत्री ऐकू येत होती, आणि तिच्याही वर दिनकरभाऊंच्या झडत्या. झडती म्हणजे पोळ्याला ओरडून म्हणायचं गाणं, पण त्यांना ओरडण्यासाठी वेगळी मेहनत लागत नसे. त्यांचा मुलगा सांगत आला, "मोठेबाबा, पाटील म्हंते दिवस चालला. येता का नाई?" आबांच्या फेट्याखालून घाम ओघळत होता. पाच पिढ्यांचा मान दारात बसून रवंथ करत होता.

मंगेश माझ्या कानाशी आला. "आई, त्याईले सांग, बैलांना तो आवाज पाहिजे. त्याच्यामागे चालायची सवय आहे यांना. रोज तसेच येतात."

मी आबांना सांगितलं. एवढं अवघड भाषांतर मी कधी केलं नाही. पारावरची सगळी स्तुती त्या एका वाक्यात परत जात होती. आबांनी माझ्याकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं. मंगेशने जुन्या सायलेन्सरवरच गाडी सुरू करून पाहिली. बैलांनी शिवणयंत्राकडे कान हलवून माशी उडवली. आबांनी कासरे खाली ठेवले. मग त्यांनी दोन महिन्यांत प्रथमच मुलाकडे तोंड केलं.

"बसव," ते म्हणाले.

पहिल्या वेळी अर्धा दिवस लागलेलं काम या वेळी पुरण निवायच्या आत उरकावं लागलं. गजाननला तोरणावरून ओढून आणला. गाडी थंड होती, तरी त्याने आधी दगड फेकून पाहिला. मी पत्रक घेऊन ओट्यावर, आत्याबाई गळ घेऊन हजर, आणि नट-बोल्ट पुरणपोळीच्या रिकाम्या परातीत. "स्प्रिंग आधी का नट आधी?" "वैनी, लवकर वाचा!" "नट अर्धवट कसावे, मग स्प्रिंग, मग..." "धर ना बे!" आणि मला एक दृश्य दिसलं जे मी कधी विसरणार नाही. कोऱ्या धोतरातले आबा चिखलात गुडघे टेकून सायलेन्सर दोन्ही हातांनी वर उचलून धरत होते आणि मुलाला विचारत होते, "इथं? का आनखी वर?"

किक बसली. कोसा उठला. लाखा उठला. मंगेश गाडी दारातून हळूच बाहेर काढून पुढे, जोडी मागे, त्यांच्यामागे आबा, आणि गल्ली बार वाजत दूर गेली.

मी परात उचलायला वाकले आणि तिच्यात एक बोल्ट दिसला. पासेच्या जोडाचा, मागचा.

आता बायकांनी तोरणाशी जायचं नाही अशी आपल्याकडची रीत. आम्ही दारात पाण्याचा तांब्या घेऊन जोडीची वाट पाहायची. पण उरलेला बोल्ट हातात घेऊन दारात शांतपणे उभं राहणं माझ्या प्रकृतीला शक्य नाही. पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं की सर्व भाग बसल्याशिवाय वाहन चालवू नये. मी पदर खोचला आणि न्हाणीमागच्या जवळच्या वाटेने निघाले.

मी पोचले तेव्हा पाटील आरतीचं ताट घेऊन उभे होते, आमची जागा रिकामी होती आणि दिनकरभाऊंची पांढरीशुभ्र जोडी तिच्यात एक खूर पुढे टाकत होती. तेवढ्यात मागून मंगेश आला. बोल्टाशिवाय सायलेन्सर लोंबकळून पाइपाचा जोड उघडा पडला होता, आणि आवाज दुप्पट झाला होता. एक बार वाजला आणि अख्खा पोळा फुटला, पूजेआधीच. चाळीसेक जोड्या चारी दिशांना गेल्या. सोयाबीनमधून, उकिरड्यावरून, डीजेच्या टेम्पोला वळसा घालून. तोरणाखालून मात्र एकही नाही. दिनकरभाऊ झडतीच्या मधल्या ओळीत कासऱ्यासकट दिसेनासे झाले. मंगेशला थांबता येईना, कारण गाडी थांबली तर जोडी बसणार. तो तोल सावरत सरळ तोरणाखालून गेला. त्याच्यामागे कोसा आणि लाखा, आरसे चमकवत, जराही घाई न करता. त्यांच्यामागे मोकळ्या हातांनी आबा.

बैल सापडले, कोणाला काही लागलं नाही, आणि मग पारावर न्याय बसला. दिनकरभाऊ कमरेपर्यंत चिखलाचे होते. "वसंताची जोडी पहिली कशी? तोरणाखालून आंधी गेली ते फटफटी!"

"मंग?" कोणीतरी म्हणालं.

"मंग द्या फटफटीले नारळ! शिंगं रंगवा तिचे!"

लोक हसले. पाटील हसले नाहीत. त्यांच्या घरी पुरणपोळी थंड होत होती आणि त्यांना निकाल हवा होता. "बराबर हाय," ते म्हणाले. "जो पयला गेला त्याचा मान, हेच चालत आलं. फटफटी कोणाच्या नावावर हाय?"

सगळे मंगेशकडे पाहू लागले. मंगेश आबांकडे पाहू लागला. "आईच्या," तो म्हणाला. तसंच होतं. गाडी घेताना कर्जाला पगाराची पावती लागली, आणि पगार घरात मला एकटीला होता. आबा काही बोलणार होते. पण दिनकरभाऊंनी क्षणभर विचार केला. नारळ वसंताकडे जाण्यापेक्षा तो कुठेही गेलेला त्यांना चालणार होता. "वैनीले द्या," ते म्हणाले. "माही हरकत नाई."

पारामागे मी उभी होते, हे तोवर कोणी पाहिलं नव्हतं. पाटलांनी पाहिलं. डोक्यावरचा पदर सावरत मी पुढे झाले, उजव्या हातातला बोल्ट डाव्या हातात घेतला आणि नारळ धरला. घरी येताना रीतीप्रमाणे मानाचा माणूस पुढे चालतो, म्हणून मी पुढे चालले. मागे काय हालचाल होती ते मी वळून पाहिलं नाही. पण बार वाजत होते, घुंगरं वाजत होती, आणि त्यांच्या वरताण आबा मंगेशला सांगत होते की पासेचा जोड चुकीच्या बाजूने वाकवला आहे आणि उद्या तो ते स्वतः करून देतील.

मान वर्षभर चालतो. पुढच्या पोळ्याआधी पाटलांचा माणूस मानाचं आवतण घेऊन आला. आबा ओट्यावर घुंगरमाळा पुसत बसले होते. त्यांनी नेहमीप्रमाणे हात पुढे केला. माणूस अवघडून म्हणाला, "वैनीच्या नावानं हाय जी."

आबांनी माळ खाली ठेवली. आत आले, मी पोळ्या लाटत होते तिथे दाराला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "मंग? मले नेशीन का संग?"